परिदंतशोथ आणि सर्वदेही दाह

परिदंतशोथ हा दातांना आधार देणाऱ्या ऊतींचा दीर्घकालीन दाहजन्य विकार आहे. बोलीभाषेत त्यास पायोरिया असे म्हटले जाते. या विकाराचा परिणाम तोंडापुरता मर्यादित न राहता रक्तावाटे शरीरात इतरत्र, कदाचित मेंदूतही, दाह वाढवत असावा, असे संशोधनातून सूचित होते. मधुमेहाशी असलेला त्याचा संबंध सर्वमान्य आहे. अल्झायमर रोगाशी कार्यकारणसंबंध मात्र सिद्ध झालेला नाही.

स्वरूप

दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या थरामुळे प्रथम हिरड्या सुजतात व दात घासताना रक्त येते. ही अवस्था नियमित स्वच्छतेने पूर्ववत होऊ शकते. दाह खोलवर गेल्यास हिरडी व दात यांच्यामध्ये पोकळ्या निर्माण होतात, जबड्याचे हाड झिजते आणि दात हलू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार जगात १ अब्जाहून अधिक लोकांना तीव्र परिदंतविकार आहे. तंबाखूसेवन व अनियंत्रित मधुमेह ही त्याची प्रमुख जोखीमकारणे आहेत. महाराष्ट्रात दातांना लावली जाणारी मिश्री ही भाजलेल्या तंबाखूचीच पूड असते.

दाह पसरण्याची प्रक्रिया

दाहग्रस्त हिरड्यांतून चावताना किंवा दात घासताना जिवाणू व त्यांचे विषारी घटक रक्तात शिरतात. त्याचबरोबर हिरड्यांत तयार होणारी इंटरल्यूकिन-६ सारखी दाहकारक द्रव्ये रक्तात मिसळतात. त्यांच्या प्रभावाने यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाची निर्मिती वाढवते. हे प्रथिन शरीरातील दाहाचे निदर्शक मानले जाते. मधुमेहाशी संबंध दुहेरी आहे: रक्तातील वाढलेली साखर हिरड्यांचा विकार बळावते, तर दाहामुळे इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. हृदयविकाराशीही सहसंबंध आढळतो. परंतु परिदंतशोथामुळेच हृदयविकार होतो असा पुरावा नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट केले.

मेंदूवरील संभाव्य परिणाम

रक्तातील दाहकारक द्रव्यांमुळे मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी उत्तेजित होऊ शकतात. २०१९ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकातील एका अभ्यासात अल्झायमरग्रस्त मृत व्यक्तींच्या मेंदूंत पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जिवाणूची जिंजिपेन नावाची विकरे आढळल्याचे नोंदवले गेले. त्या विकरांना रोखणाऱ्या ॲटुझाजिनस्टॅट या औषधाची पुढे रुग्णांवर चाचणी झाली. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार औषधाला मुख्य उद्दिष्टे गाठता आली नाहीत.

मर्यादा

सहसंबंधाचा अर्थ लावताना उलट दिशाही विचारात घ्यावी लागते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीकडून दातांची निगा राखली जात नाही, त्यामुळे हिरड्यांचा विकार हा कारण नसून परिणामही असू शकतो. वय, धूम्रपान व दारिद्र्य हे घटक दोन्ही विकारांत समान आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'केंद्रीय संसर्ग' सिद्धान्ताच्या प्रभावाखाली संधिवातापासून मनोविकारांपर्यंत अनेक व्याधींवर उपाय म्हणून असंख्य रुग्णांचे दात काढले गेले. अपेक्षित लाभ न दिसल्याने ही पद्धत मागे पडली.

उपचार

दातांवरील व हिरड्यांखालील कठीण थर काढणे, मुळांची स्वच्छता, गरजेनुसार शस्त्रक्रिया आणि तंबाखू सोडणे हे प्रमुख उपचार होत. उपचारांनंतर मधुमेही रुग्णांच्या रक्तशर्करेत काही प्रमाणात सुधारणा आढळते. स्मृतिभ्रंश टाळण्याचा उपाय म्हणून हे उपचार सिद्ध झालेले नाहीत; तथापि दात टिकवण्यासाठी ते आवश्यकच ठरतात.