झंजीर आणि सैल दोरी

घरात नवं पिल्लू आलं की पहिल्या आठवड्यातच तक्रार सुरू होते. "पट्टा लावला की नुसतं ओढतंय!" आणि लगेच शेजारचे काका सांगतात, "दोन हिसके दे, येईल ताळ्यावर." हा हिसक्याचा सल्ला आला कुठून, हे आज बघायचंय. पण आधी एका कुत्र्याची गोष्ट ऐका. तिची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात होते.

रोह्यातून तळा, म्हसळा करत श्रीवर्धनच्या बाजूला गेलं की दिघी आणि शेखाडी लागतात. शेखाडीचा किनारा आज आपल्या बाइक राइड्सचा आणि रील्सचा. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत याच दोन ठिकाणी आरडीएक्स आणि शस्त्रं उतरवली गेली. १२ मार्चला मुंबईत १२ स्फोट झाले, २५७ माणसं गेली.

त्या वेळी मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात एक लॅब्रॅडोर होता, झंजीर. जन्म जानेवारी १९९२ चा, म्हणजे स्फोटांच्या वेळी जेमतेम चौदा महिन्यांचा. पुण्यात शिवाजीनगरच्या पोलिस श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकून तो १९९२ च्या अखेरीस पथकात आला होता. नाव अमिताभच्या सिनेमावरून. १५ मार्चला धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमधली स्फोटकं त्याने हुंगून काढली. पुढच्या काळात त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं नोंदली गेली.

आता विचार करा, हे काम होतं कसं? बॉम्ब शोधणारा कुत्रा बहुतेक वेळ दोरीवर असतो. तो हिसडे मारत, धापा टाकत चालला तर वास नीट घेणार कसा? तोंडाने धापा टाकताना हुंगणं जमत नाही. शिवाय वास सापडल्यावर उकरायचं नाही, भुंकायचं नाही, शांत बसायचं. उकरलं तर काय होईल ते सांगायला नको. असा शांतपणा निव्वळ धाकाने येत नाही. जगभर अशा कुत्र्यांना वास सापडला की चेंडू किंवा खाऊ मिळतो. आपल्यासाठी तो बॉम्ब, त्याच्यासाठी खेळ.

हिसक्याची पद्धत मात्र जुनी. जर्मनीतले पोलिस अधिकारी कॉनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्यात जबरदस्तीला मोठी जागा होती: गळपट्ट्याचा झटका, काटेरी पट्टा. पोलिस आणि लष्करातून ती रीत घराघरांत गेली. १९५१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी एका विज्ञान मासिकात लेख लिहून उलटं सांगितलं. प्राण्याने बरोबर केलं त्या क्षणी 'टिक' असा आवाज करा, मागोमाग खाऊ द्या. आजचा क्लिकर तोच. तरी काकांपर्यंत १९१० च पोचलंय, १९५१ अजून वाटेत आहे!

पिल्लू ओढतं, कारण ओढल्यावर त्याला हवं ते मिळतं. समोर खांब, ते ओढतं, आपण मागे जातो, खांब मिळाला. म्हणजे धडा आपणच दिला. म्हणून दोरी ताणली की पुतळ्यासारखं उभं राहायचं. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. ते वळून बघेल, दोरी सैल पडेल, त्याच क्षणी "शाब्बास" म्हणायचं आणि पुढे चालायचं. पायाजवळ चाललं की तिथेच, मांडीच्या बाजूला, खाऊचा बारीक तुकडा. पहिले दिवस वीस पावलांना पंधरा मिनिटं लागतील. लागू देत.

सुरुवात घरात करा. दोन-तीन दिवस नुसता पट्टा गळ्यात, मग पडवीत, मग अंगणात. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका, पार्व्होने पिल्लं दगावतात. कडेवर घेऊन बाजार दाखवा, रिक्षा, एसटी, धाटावकडे जाणारे ट्रक सगळं लांबून ऐकू द्या. एका वेळी पाच मिनिटं पुरे. गळ्यावर ताण येत असेल तर छातीचा पट्टा घ्या, म्हणजे हार्नेस. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा. तुम्ही थांबता आणि दादा ओढत नेतो, असं झालं तर पिल्लू दादाचंच ऐकेल.

झंजीर १६ नोव्हेंबर २००० ला हाडाच्या कर्करोगाने गेला. पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. फुलांनी झाकलेला झंजीर आणि त्याच्यासमोर वाकून उभे अधिकारी, हा फोटो तुम्हाला नेटवर सहज सापडेल. बघा, आणि मग पिल्लाला घेऊन अंगणात जा. भेटू पुढच्या भागात.