वेबसाइट उशिरा उघडते? गूगलवर तुमचं नाव मागे पडू शकतं. जाणून घ्या कारण आणि सोपे उपाय

नागपूर : काटोल-नरखेडची संत्री, भिवापूरची मिरची किंवा पेंच-रामटेककडचा होमस्टे, यासाठी वेबसाइट तर काढली, पण ग्राहकाने गूगलवर शोधलं की दुसऱ्याचंच नाव आधी येतं. असं होत असेल, तर एकदा स्वतःच्या मोबाइलवर आपली वेबसाइट उघडून बघा. किती वेळ लागतो?

गूगल वेग बघतं का?

हो. एप्रिल २०१० मध्ये गूगलने वेबसाइटचा वेग हा क्रमवारीचा एक निकष असल्याचं जाहीर केलं. जुलै २०१८ पासून मोबाइलवरच्या शोधातही वेग धरला जातो. २०२१ पासून यात 'कोअर वेब व्हायटल्स' ही मोजमापं आली. ती सध्या अशी आहेत :

- पानावरचा सर्वात मोठा फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा.
- बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत स्क्रीनवर हालचाल दिसावी.
- पान उघडताना मजकूर वर-खाली सरकू नये.

हे मोजमाप क्रोम ब्राउझर वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या मागच्या २८ दिवसांच्या अनुभवावरून होतं. म्हणजे शहरातल्या ऑफिसात वायफायवर वेबसाइट झटकन उघडली, एवढ्यावर भागत नाही. ग्राहकाच्या साध्या फोनवर, कमी रेंजमध्ये ती कशी चालते, तेही मोजलं जातं.

फोटोचं साधं गणित

मोबाइलने काढलेला संत्र्याचा एक फोटो सहज ५ एमबीचा असतो. ४ एमबीपीएस वेगाच्या नेटवर तो उतरायला साधारण १० सेकंद लागतात. तोच फोटो लहान करून २०० केबीचा केला, तर अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. आता असे दहा फोटो एकाच पानावर असले तर विचार करा! एवढा वेळ कोण थांबणार? गूगलचा क्रम पुढची गोष्ट, ग्राहक आधीच निघून जातो.

नुसत्या वेगाने पहिला नंबर मिळतो का?

नाही. ग्राहकाला हवी ती माहिती तुमच्याकडे आहे का, हे गूगल आधी बघतं. दोन वेबसाइट सारख्याच उपयोगी असतील, तेव्हा वेगवान वेबसाइटला फायदा होऊ शकतो. म्हणून माल कोणता, भाव काय, गाव-तालुका कोणता, फोन नंबर काय, हे मराठीत स्पष्ट लिहा. आंबिया बहार कधी निघतो, मृग बहार कधी, हेही टाका.

काय कराल?

१. 'पेजस्पीड इनसाइट्स' या गूगलच्या मोफत साधनात वेबसाइटचा पत्ता टाका आणि 'मोबाइल'चा निकाल बघा. नवीन वेबसाइटला पाहणारे कमी असल्याने खऱ्या वापराची आकडेवारी दिसणार नाही. तेव्हा चाचणीतल्या सूचना वाचा. १०० पैकी १०० गुणांच्या मागे लागू नका.
२. फोटो लहान करून टाका.
३. आपोआप चालणारे व्हिडिओ आणि नको असलेले पॉपअप काढा.
४. सुधारणा केल्यावर लगेच क्रम बदलला नाही तर घाबरू नका, काही आठवडे जाऊ द्या.

आणि हो, 'पैसे द्या, पहिला नंबर पक्का' असं कोणी म्हटलं तर सावध राहा. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलच सांगतं. पैसे देण्याआधी फोटो लहान करा. त्याला खर्च येत नाही.