यान लुत्मा : सोनाराचे व्यक्तिचित्र

रेम्ब्रँट (१६०६–६९) या डच चित्रकाराने १६५६ मध्ये केलेले, यान लुत्मा या वृद्ध सोनाराचे अम्लरेखन (पहा : अम्लरेखन, रेम्ब्रँट).

लुत्मा (१५८४–१६६९) हा अ‍ॅम्स्टरडॅममधील नामांकित कारागीर. वळणदार, मांसल आकारांच्या चांदीकामासाठी तो प्रसिद्ध होता. तेथील न्यूवे केर्क या चर्चमधील पितळी जाळीही त्याचीच. चित्र झाले तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. रेम्ब्रँटने दिवाळखोरी पत्करली तीही याच वर्षी.

सिंहमुखे कोरलेल्या खुर्चीत लुत्मा सैलावून बसला आहे. डोक्यावर टोपी, अंगात जाड अंगरखा. उजव्या हातात धातूची लहान वस्तू. शेजारच्या मेजावर हातोडी, ठशांचे भांडे व चांदीचे तबक. चेहऱ्यावर रेषा विरळ, म्हणून तो उजळतो; अंगरख्यावर त्या दाट होतात. काही रेषा अम्लाविना, तांब्याच्या पत्र्यावर थेट सुईने ओरखडलेल्या आहेत (पहा : शुष्करेखन). ओरखड्याच्या काठाशी उठलेली तांब्याची कोर शाई धरते व छाया मखमली उमटते. छापता छापता ही कोर झिजत असल्याने सुरुवातीच्या प्रतींना मोल अधिक. पहिल्या अवस्थेतील, म्हणजे पत्र्यावर फेरबदल होण्यापूर्वीच्या, प्रतींत मागची भिंत कोरी आहे. खिडकी दुसऱ्या अवस्थेत आली.

डच व्यक्तिचित्रणात धंद्याची हत्यारे सहसा ओळखखूण म्हणून येतात. येथे ती वापरातली वाटतात. मुलगा धाकटा यान लुत्मा यानेही पुढे वडिलांचे चित्र ठोक्यांनी ठिपके उठवून तांब्यावर कोरले (पहा : उत्कीर्णन).