रुमालाखालचा भाव

पांढुर्णा-सौंसरच्या बाजारात सौदा मराठीत ठरतो आणि कागद हिंदीत होतो. आपण देतो तो इसार, पावतीवर त्याचा बयाना होतो. त्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते माप आणि भाव आपल्याला न कळता ठरले म्हणजे. या मुलखातल्या बाजाराचा जुना इतिहास चाळताना मला मुख्यतः याच दोन गोष्टींचे भांडण दिसते.

आधी मापाचे. धान्य पायलीने मोजले जाई आणि पायली गावोगाव वेगळी असे. त्यातही घेताना शिगोशीग आणि देताना सपाट, ही विद्या सावकाराला कोणी शिकवावी लागत नसे. मोजणारा पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे. लाभ कोणाचा, ते मात्र सांगत नसे! वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम; मण चाळीस शेरांचा, म्हणजे ३७.३२ किलो. १९५६ च्या कायद्याने किलो आला, तरी मण जुन्या माणसांच्या तोंडून गेला नाही. म्हणून तोंडी सौद्यात कोणी मण म्हटले, तर तो किती किलोचा हे आधी विचारावे. चाळीस किलोचा धरला, तर जुन्या मणाच्या भावात दर मणामागे पावणेतीन किलोच्या आसपास माल फुकट जातो.

भावाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून सौदा करीत. जितकी बोटे धरली तितके आकडे, आणि ते शेकडे की दहाडे हे एखाद्या खुणेच्या शब्दाने कळायचे. शेजारच्या गिऱ्हाइकाला भाव कळू नये, एवढाच हेतू असता तर कोणाची तक्रार नव्हती. पण ज्याचा बैल त्यालाही तो कळत नसे. दलालाने सांगितलेला आकडा तो मुकाट्याने घेई. कापूस आणि धान्याच्या आडतीतही हीच रीत होती. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने आपल्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली, त्यामागे असल्या प्रथा होत्या.

इथे सीमेचा भाग येतो. शेजारच्या वऱ्हाडात कारंज्याचा कापूसबाजार १८८६ मध्येच नियमाखाली आला होता आणि १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. आपला छिंदवाडा जिल्हा मध्यप्रांतात. तिथे कापूसबाजाराचा कायदा १९३२ मध्ये आणि शेतमालाचा १९३५ मध्ये झाला. म्हणजे वरुडच्या शेतकऱ्याला जे संरक्षण मिळाले, त्यासाठी आपल्याकडच्या माणसाला पस्तीस वर्षे थांबावे लागले. मधे डोंगर नव्हता की समुद्र नव्हता. १९५६ मध्ये नागपूर-वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो आणि कायदे पुन्हा वेगळे झाले. इथला मंडी कायदा १९७२ चा. त्यात खुल्या बोलीची सोय आहे, आणि मंडीत घेतलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी द्यावेत, उशीर झाल्यास दिवसाला एक टक्का जादा द्यावा, असेही आहे. शेतकऱ्यांपैकी किती जणांनी हा एक टक्का कधी मागितला असेल?

संत्र्याचे तर मंडीबाहेरच जास्त चालते. व्यापारी बागेत येतो, झाडाकडे पाहून फळांचा अंदाज बांधतो, इसार देतो आणि 'आपले तर घरचे संबंध' म्हणून निघून जातो. भाव चढला तर चार दिवस आधीच तोडणी करतो, पडला तर दिसत नाही. फळ झाडावर पिकून गळते, आणि पोरीचे लग्न किंवा पोराची फी पुढच्या बहारावर जाते. आमच्या नात्यातल्या एका घरात हे घडले आहे. म्हणून साध्या कागदावर का होईना, झाडांची संख्या, बहार आंबिया की मृग, तोडणीची शेवटची तारीख आणि तोडणीपूर्वी किती रक्कम, एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. इसार जप्त कधी होईल, तेही त्यातच यावे. माणूस भला असेल तर तो रागावत नाही.

ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे आणि सौंसर त्यात आले. आठवीच्या गणिताच्या तासाला मी अधूनमधून मंडीची पावती फळ्यावर उतरवतो. तौल, भाव, हम्माली, भुगतान. बरीच मुले हिशेब बरोबर करतात. मग मी सांगतो, हीच पावती घरी बाबांना मराठीत वाचून दाखवा.