अंग बाहेर येणें : एका झांकलेल्या व्याधीचा इतिहास

स्त्रियांच्या कांहीं व्याधींचा उच्चार घरांतहि होत नाहीं. ‘अंग बाहेर येणें’ ही त्यांपैकींच एक. कटिभागांतील स्नायू व बंध सैल पडतात आणि गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशयाचा भाग योनिमार्गांत उतरतो. वरचेवर झालेलीं कष्टाचीं बाळंतपणें, ओली बाळंतीण असतांनाच उचललेले हंडे व मोळ्या, जुनाट खोकला, मलावरोध आणि उतारवय हीं त्याचीं मुख्य कारणें.

सुश्रुतानें सांगितलेल्या वीस योनिव्यापदांत ‘प्रस्रंसिनी’ आहे. चरकानें स्नेहन-स्वेदन करून सरकलेलें अंग हातानें स्वस्थानीं बसवावयास सांगितलें. ग्रीसमध्यें मात्र रुग्णेस शिडीला उलटें बांधून हालवीत; दुसऱ्या शतकांतील सोरेनस या वैद्यानेंच त्या अघोरी उपायाचा निषेध केला. कोणी सिरक्यांत भिजविलेलें अर्धें डाळिंब आंत बसवीत. हें ऐकून हंसूं येईल. पण आंतून आधार देणाऱ्या आजच्या रिंगेचें तत्त्व तेंच आहे.

पुढें शस्त्रक्रियेचें युग आलें. मँचेस्टर येथें आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनीं १८८८ मध्यें गर्भाशय न काढतां दुरुस्तीची रीत सुरू केली. परंतु ज्या तरुण स्त्रीस अजून मूल हवें तिचें काय? या प्रश्नास मुंबईनें उत्तर दिलें. गोव्यांत जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांनीं गर्भाशयाचें मुख पट्टीनें मागील त्रिकास्थीस बांधलें, डॉ. बी. एन. पुरंदरे यांनीं तेंच पुढें, पोटाच्या भिंतीच्या आवरणास टांगलें. दोहोंतहि गर्भाशय शाबूत राहतें.

अंबड तालुक्यांतील वडीगोद्रीच्या स्त्रीस त्या काळीं याचा काय उपयोग? मुंबई इंग्रजी अमलांत आणि हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत. पण केवळ सरहद्दीस दोष देणें अपुरें होईल. डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोलीच्या दोन गांवांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, तिचा अहवाल १९८९ मध्यें ‘लॅन्सेट’मध्यें आला. ९२ टक्के स्त्रियांस कांहीं ना कांहीं स्त्रीरोग होता. पूर्वीं तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. आडवी आली ती लाज, आणि स्त्री-डॉक्टरची वाण.

व्याधि सौम्य असेल तर कटिभागाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामानें बराच आराम पडतो. अमेरिकेंतील केगेल यांनीं १९४८ मध्यें तो शास्त्रीय रीतीनें मांडला. शस्त्रक्रिया नको असेल त्यांस रिंग आहे. मात्र ती वेळोवेळीं काढून स्वच्छ करावी लागते. जखम, रक्तस्राव किंवा लघवी अडणें यांपैकीं कांहीं झाल्यास विलंब करूं नये.

वडीगोद्रीहून दक्षिणेस गोदावरी ओलांडली कीं बीड जिल्हा लागतो. तेथील ऊसतोडणी करणाऱ्या अनेक स्त्रियांचीं गर्भाशयें काढल्याचें उघड झाल्यावर २०१९ मध्यें शासनानें चौकशी समिति नेमली. ‘पिशवी काढली कीं सारें मिटतें’ ही समजूत अंग बाहेर येण्याच्या बाबतींतहि खोटीच आहे. बंध नीट न बांधल्यास गर्भाशय काढल्यावरहि योनीचा माथा खालीं उतरूं शकतो.