कशेडीच्या बोगद्यातून पद्मदुर्गावर

खेडच्या बाजूने कशेडीच्या बोगद्यात शिरता तेव्हा तुम्ही गाडीत असता. पोलादपूरच्या बाजूला बाहेर पडता ते पायी, डोक्यावर नाचणीचं पोतं घेऊन. साल १६७५, महिना जानेवारी. डांबरी सडक कुठेच नाही. रानातून उतरणारी पायवाट आणि पुढे ओझी वाहणाऱ्यांची रांग. रायगडावर राज्याभिषेक होऊन सात महिने झालेत.

महाडला सावित्रीच्या काठी पोती होडीत चढतात. ओहोटी लागली की तांडेल होडी सोडतो. दासगाव मागे पडतं, बाणकोटपाशी खाडी संपते आणि घाटातल्या तुम्हाला पहिल्यांदा समुद्र दिसतो. इथे माल गलबतात जातो. हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर उजव्या हाताला ठेवत उत्तरेकडे. मुरूडजवळ जंजिऱ्याच्या सिद्दीची गलबतं फिरतात, म्हणून शेवटचा पल्ला रात्रीचा.

उजाडताना तुम्ही कांसा बेटावर उतरता. दक्षिणेकडे जंजिरा उभा आहे, आणि त्याच्या नाकासमोर शिवाजी महाराज पद्मदुर्ग उभारताहेत. बुरुजावरच्या कमळाच्या पाकळ्या बघाच, पण आधी तटाजवळ जा. दोन दगडांमधल्या चुन्यावरून बोट फिरवा. सांधा दगडाच्या बरोबरीला आहे, बोटाला जाणवतसुद्धा नाही. तुमच्या काळात याच तटाचे दगड लाटांनी आत आत खाल्लेले असतील आणि चुना तेवढा बाहेर उरलेला असेल, मधाच्या पोळ्यासारखा. चुना मळणाऱ्या या माणसांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

बेटावर पिकत काहीच नाही. दाणा न् दाणा किनाऱ्यावरून यायचा, आणि तिथेच घोडं अडलंय. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने दौलतखान आणि दर्यासारंग यांच्या आरमाराला पैसा आणि धान्य पोचवलेलं नाही. याच महिन्यात महाराज त्याला खरमरीत पत्र लिहितात. हबशाने, म्हणजे सिद्दीने, तुम्हाला फितवलं की काय, असा त्याचा रोख आहे. हे पत्र मला त्यांच्या एखाद्या विजयाइतकंच मोठं वाटतं. तोफांना न पडणारा तट रिकाम्या कोठारामुळे पडू शकतो, हे राजा जाणून होता.

वर्षभर राहिलात तर कोळ्यांचा लाय पाटील कळेल. त्याने रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण पेशवे मोरोपंतांची माणसं वेळेत पोचली नाहीत. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर पालखी काय करायची, म्हणून त्याने ती नम्रपणे नाकारली. तेव्हा महाराजांनी त्याला गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘पालखी’, असं परंपरा सांगते.

पण ते पुढचं. आत्ता तांडेल ओरडतोय. पाणी ओसरायच्या आत गलबत रिकामं करून त्याला निघायचंय, आणि अर्धी पोती अजून खालीच आहेत. खांदा द्या.