सामूहिक वनहक्काचे जंगल आणि कार्बन क्रेडिट : करारापूर्वी ग्रामसभेने काय तपासावे?

पालघर जिल्ह्यात वनहक्क कायदा २००६ खाली अनेक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. साग, ऐन, खैर, मोह यांचे हे जंगल राखले तर कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील, असा प्रस्ताव तुमच्या ग्रामसभेपुढे आला, तर लगेच होकार किंवा नकार देऊ नका. आधी पुढील बाबी समजून घ्या.

कार्बन क्रेडिट म्हणजे काय?

एक क्रेडिट म्हणजे वातावरणातून कमी केलेला किंवा वातावरणात जाण्यापासून रोखलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. झाडाच्या वाळलेल्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. एक टन कार्बन साठला की सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड बांधला गेला, असे धरतात.

उभ्या जंगलात आज जेवढा कार्बन आहे, त्याचे पैसे मिळत नाहीत. प्रकल्प नसता तर जंगलाचे काय झाले असते आणि प्रकल्पामुळे काय झाले, या दोन्हींतील फरकाचेच क्रेडिट मिळते. हा फरक फुगवून दाखवला तर प्रकल्प कोसळतो. झिम्बाब्वेतील करिबा वन प्रकल्पावर प्रत्यक्षापेक्षा जास्त क्रेडिट दाखवल्याचे आरोप झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये क्रेडिट विकणारी कंपनी करारातून बाहेर पडली. अशा वेळी गावाचे उत्पन्नही थांबते.

इतर ठिकाणचा अनुभव

- मेघालय, खासी हिल्स : ६२ गावे, १० पारंपरिक हिमा आणि सुमारे २७,००० हेक्टर क्षेत्र. येथील गावांनी स्वतःची संस्था उभारून प्रकल्प चालवला. जाळरेषा, सुधारित चुली, चराईवर नियंत्रण आणि बचत गट ही मुख्य कामे आहेत.
- केनिया, कासिगाऊ : त्सावो राष्ट्रीय उद्यानाच्या दोन भागांमधील हत्तींच्या मार्गावरचे हे जंगल. वनतोड रोखून मिळणारी क्रेडिट येथे २०११ मध्ये मिळाली आणि त्यातून वनरक्षकांचे पगार निघू लागले.
- गडचिरोली, मेंढा (लेखा) : २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकते. कार्बनचा पैसा नसतानाही येथे जंगल राखले गेले.

पालघरमध्ये वाढीव कार्बन कुठून येईल?

नवीन लागवडीपेक्षा जुन्या बुंध्यांना फुटलेले धुमारे राखणे स्वस्त आणि खात्रीचे असते. त्यासाठी तीन कामे करावीत.

१. वणवा : फेब्रुवारीअखेर जाळरेषा साफ कराव्यात. मार्च ते मे दरम्यान पाड्यानुसार राखणीची पाळी लावावी. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली आग लावण्याऐवजी जागा झाडून घ्यावी किंवा जाळी अंथरावी.

२. राब : भात-नागलीच्या रोपवाटिकेसाठी ऐनाची टहाळ तोडून भाजण्याची पद्धत आहे. दरवर्षी फांद्या छाटल्याने झाड वाढत नाही. त्याऐवजी गादीवाफ्यावर रोपे करावीत. दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मातीत मिसळावी. बांधावर गिरिपुष्प लावून लावणीपूर्वी किमान सात दिवस गुंठ्याला ३० किलो हिरवा पाला चिखलात गाडावा. हे चारसूत्री भातशेतीचेच भाग आहेत.

३. चराई व सरपण : जंगलाचे भाग पाडून एकेक भाग काही वर्षे बंद ठेवावा. मात्र सरपण शेजारच्या गावाच्या जंगलातून आले, तर ती तूट मोजणीत वजा होते.

हिशेब करून पाहा

खालील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. समजा, २०० हेक्टरवर दरवर्षी हेक्टरी ३ टन वाढ झाली.

- एकूण क्रेडिट : ६००
- वणवा, वादळ यांच्या जोखमीसाठी २० टक्के राखीव : १२०
- विक्रीयोग्य : ४८०
- ५०० रुपये दराने : २,४०,००० रुपये
- कंपनीचा ४० टक्के वाटा वजा जाता : १,४४,००० रुपये
- १२० कुटुंबे असल्यास : कुटुंबाला वर्षाला १,२०० रुपये

मोजणी, पडताळणी आणि नोंदणीचा खर्च यातून वजा व्हायचा असेल, तर हाती आणखी कमी उरते. म्हणून एकट्या गावाचा प्रकल्प सहसा परवडत नाही. लगतच्या ग्रामसभांनी एकत्र यावे.

करारापूर्वी तपासणी

- वनहक्क वारसाने मिळतो. तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. तसे कलम करारात असल्यास सही करू नका.
- वनहक्क कायद्यात कार्बनचा उल्लेख नाही. क्रेडिटची मालकी कोणाची, हे वन विभागाकडून लेखी घ्या.
- ठराव पूर्ण गणपूर्तीत करा : निम्मे सदस्य हजर आणि हजर असलेल्यांपैकी किमान एकतृतीयांश महिला.
- करार मराठीत मागा आणि पाड्यापाड्यांत वाचून दाखवा. मुदत अनेकदा २० ते ४० वर्षांची असते.
- सरपण, मोह, तेंदूपाने, चराई यांपैकी काय बंद होणार, ते स्पष्ट लिहून घ्या.
- वाटा विक्रीच्या रकमेवर की नफ्यावर? विक्रीची पावती पाहण्याचा हक्क ग्रामसभेला हवा.
- वणव्यात जंगल जळाले तर भरपाई गावाकडून मागणार का, हे विचारा.

वन्यजीव आणि तारापूरचे कारखाने

कार्बन मोजताना बिबट्या मोजला जात नाही. एकाच जातीच्या लागवडीलाही क्रेडिट मिळू शकते, पण त्यात प्राण्यांना खाद्य नसते. तुंगारेश्वर अभयारण्याच्या परिसरातील गावांनी पाणवठे, फळझाडे आणि देवराया राखण्याची कामे करारात स्वतंत्रपणे घालून घ्यावीत.

बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या कारखान्याने क्रेडिट घेतले, तरी त्याच्या सांडपाण्याची जबाबदारी कमी होत नाही. क्रेडिट फक्त हरितगृह वायूंचा हिशेब आहे. खाडी व विहिरींच्या प्रदूषणाची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेच करावी. तसेच केंद्राची २०२३ ची ग्रीन क्रेडिट योजना आणि कार्बन क्रेडिट व्यापार योजना या दोन वेगळ्या आहेत. प्रस्ताव कोणत्या योजनेखालचा आहे, ते विचारा.

सुरुवात कोठून करावी?

प्रथम सामूहिक वन व्यवस्थापन समिती आणि आराखडा तयार करा. जाळरेषा, राबाला पर्याय आणि बांबू व मोहाची एकत्रित विक्री ही कामे कार्बनच्या पैशाविना सुरू होतात व त्यांचे उत्पन्न गावातच राहते. दरवर्षी ठरावीक नमुना भूखंडांतील झाडांचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर मोजून वहीत नोंदवा. पुढे करार झालाच, तर कंपनीचे आकडे पडताळण्यासाठी ही वही तुमच्या हाती असेल.